हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणतेय. चाळीतल्या मुलाखती कशा वाचवायच्या? आणि पुढचा बॅकअप कसा लावायचा?

नायगावकरीण (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. तातडीने मदत हवी आहे.

नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास ठरला तेव्हापासून आम्ही काही जणी इथल्या जुन्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतोय. १९८२च्या संपात घरोघरी चूल कशी पेटत राहिली, कोण गावी परतलं ते परतलंच, खानावळ चालवणाऱ्या बायकांनी कामगारांची उधारी कशी निभावली, १६० चौरस फुटांच्या खोलीत बाळंतपण आणि दहावीचा अभ्यास एकाच वेळी कसा व्हायचा. सगळं त्यांच्याच तोंडून. बोललेल्यांतली काही माणसं आता नाहीत. काही संक्रमण शिबिरात गेली, काही मुलांकडे विरार-बदलापूरला. म्हणजे ‘परत रेकॉर्ड करू’ असं म्हणायची सोय नाही.

हे सगळं एका २ टीबीच्या बाह्य हार्ड डिस्कवर आहे. ध्वनिफिती वेव्ह फाइलमध्ये, घरोघरचे स्कॅन केलेले फोटो, आणि मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली. आज लॅपटॉपला जोडली तर विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे, करू का? मी ‘रद्द’ दाबून डिस्क काढून ठेवली आहे. त्याआधी आतून थोडा टिक-टिक आवाज येत होता.

दुसरीकडे काय आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले काही तुकडे आहेत. रेकॉर्डरचं कार्ड पुसून नंतर मंडळाच्या एका कार्यक्रमासाठी वापरलं गेलं.

आता पहिलं पाऊल काय टाकू?

पार्लेकर (रविवार, रात्री १०:०५)

डिस्क हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी लगेच कॉपी करा. आमच्या ऑफिसात पूर्वी एकाची अशी चालू झाली होती.

सोल्डरगन (रविवार, रात्री १०:२०)

पार्लेकर, तुम्ही आपुलकीने सांगताय, पण ताई, कृपया फ्रीजर नको. डिस्क बाहेर काढली की थंड धातूवर हवेतलं बाष्प धरतं, आणि हा मुंबईतला जुलै आहे. डेटा वाचणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्या फटीत धूळ किंवा पाण्याचा अंश गेला तर तबकडीवर ओरखडे पडतात, आणि ओरखड्याखालचा डेटा जगात कुणीही परत आणू शकत नाही.

लॅमिंग्टन रोडला याच कामात आयुष्य चाललंय, म्हणून ठामपणे सांगतो.

डिस्क पुन्हा जोडू नका. ‘बघू तरी आता दिसते का’ असं करत लोक दहादा जोडतात आणि जी वाचली असती ती संपवतात. टिक-टिक म्हणजे बहुधा हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये.

फॉरमॅटला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, तेही चालवू नका. डिस्क धडधाकट असेल तर ते ठीक, पण मरणाऱ्या डिस्कवर ते ‘दुरुस्ती’ म्हणून कुठली फाइल कुठे आहे त्याची यादीच बदलून टाकतं. मग फायलींच्या जागी फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके प्रत्यय लावलेले बिननावाचे तुकडे उरतात.

केस उघडून डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घालायचा सल्लाही कुणीतरी देईल. आजकाल बऱ्याच छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट सर्किट बोर्डावरच असतं, वेगळं काढता येत नाही. तसाच दुसरा बोर्ड आणून लावणंही चालत नाही, कारण त्या-त्या डिस्कच्या हेडची जुळणी बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ते कार्ड कुठे आहे? आत्ता कुणी त्यावर रेकॉर्डिंग करतंय का?

नायगावकरीण (रविवार, रात्री १०:४०)

कार्ड मंडळाच्या कपाटात आहे. सकाळी ताब्यात घेते. पण ते पुसलंय ना, त्यावर नंतर भजनाचा कार्यक्रमही रेकॉर्ड झालाय?

सोल्डरगन (रविवार, रात्री ११:००)

घ्या ताब्यात. कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो तो ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

रेकॉर्डरमध्ये फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते. चाळीतल्या खोलीच्या दारावरची पाटी काढली म्हणून बिऱ्हाड हलत नाही, तसं आहे. आतला आवाज तिथेच पडून असतो, त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. भजनाने जेवढी जागा घेतली तेवढंच गेलं. कार्ड ६४ जीबीचं आणि भजन दोन तासांचं असेल तर बरंच काही शिल्लक असायला हवं.

रात्रपाळी (रविवार, रात्री ११:१०)

बॅकअपच्या भागावर रुमाल टाकतोय. ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये ड्युटीवर आहे, सवडीने सविस्तर लिहितो. आधी सोल्डरगन म्हणतात तेच करा.

माहीमची_आत्या (सोमवार, सकाळी ७:३०)

मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या लॅपटॉपमधून नातीच्या बारशाचे फोटो डिलीट झालेत, रीसायकल बिनही रिकामी केली गेली. पाटी काढली तरी बिऱ्हाड आत असतं, तर मग माझेही मिळतील ना?

सोल्डरगन (सोमवार, सकाळी ९:१५)

आत्या, लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी डिस्क आहे की एसएसडी, यावर सगळं आहे. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ नावाची सोय असते. विंडोज ७पासून, म्हणजे २००९पासून ती विंडोजमध्ये आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता नको आहे, आणि एसएसडी ती जागा आतून साफ करून टाकते. लॅपटॉप नुसता चालू राहिला तरी हे होतं. त्यामुळे एसएसडीवरून पुसलेलं परत मिळण्याची आशा फार थोडी. खोटा दिलासा देत नाही.

पण फोटो आले कुठून? फोनमधूनच ना? फोनचा गूगल फोटोज उघडा आणि ट्रॅश बघा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. बारशाला आलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोधा. फोटोग्राफर होता का? त्याच्याकडे प्रत असेल तर आजच फोन करा, जागा करायला तेही जुनं काम काढून टाकतात.

माहीमची_आत्या (सोमवार, सकाळी १०:००)

एसएसडीच आहे. पण फोटोग्राफरकडे आहेत! त्याने पेनड्राइव्ह पाठवतो म्हणून सांगितलंय. खूप आभार.

ध्वनिवेडा (सोमवार, दुपारी १:२०)

नायगावकरीण, कार्डासाठी फोटोरेक वापरा. नाव फोटोचं असलं तरी वेव्हसकट शेकडो प्रकारच्या फायली शोधतं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, टेस्टडिस्कच्या सोबतच येतं. दिसायला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं, पण घाबरू नका. दोन गोष्टी सांभाळा: सापडलेल्या फायली त्याच कार्डावर लिहायला सांगू नका, लॅपटॉपवर वेगळं फोल्डर द्या. आणि फाइल सिस्टिम विचारेल तेव्हा ‘अदर’ निवडा, त्यात फॅट आणि एक्सफॅट येतात.

फोटोरेक यादीकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. वेव्हची ‘आरआयएफएफ’ या चार अक्षरांनी होते. ती खूण शोधत ते अख्खं कार्ड वाचत जातं. म्हणून फायलींची नावं आणि तारखा मिळत नाहीत, एफ आणि पुढे मोठा आकडा अशी नावं येतात. रेकॉर्डर कार्डावर साधारण सलग लिहितो, त्यामुळे आवाज मध्येच तुटण्याचा धोका कमी.

एखादी फाइल उघडली नाही तर ती फेकू नका. सुरुवातीचा भाग खराब असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ करून १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ, स्टीरिओ असं सांगा, म्हणजे तुमच्या रेकॉर्डरवर जे ठेवलं असेल ते. आकडा चुकला तर आवाज चिरका किंवा जाडाभरडा येईल, बदलून बघा. या सेटिंगला एका तासाचे सुमारे ६३५ एमबी होतात, त्यावरून किती तास मिळाले याचा अंदाजही येईल.

नायगावकरीण (बुधवार, रात्री ८:३०)

मिळाल्या!! सगळ्या नाही, पण शेवटच्या टप्प्यातल्या बऱ्याच मुलाखती कार्डावर होत्या. भजनाखाली ज्या गेल्या त्या गेल्या. नावं नाहीत, पण आमची पद्धत होती की सुरुवातीलाच विचारायचं, ‘आजी, तुमचं पूर्ण नाव आणि खोली नंबर सांगा’. त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट ऐकलं की कोण ते कळतं. एक आजी मुलाखतीनंतर गेल्या, त्यांचा आवाज परत ऐकला. त्यांच्या मुलीला लगेच पाठवला.

एक फाइल चिरकी येत होती, ४८,००० केल्यावर सरळ झाली. ध्वनिवेडा, तुमचे आभार कसे मानू?

सुरुवातीच्या सगळ्या मुलाखती आणि फोटो मात्र त्या डिस्कवरच आहेत. दुकानात जाताना काय विचारू?

सोल्डरगन (बुधवार, रात्री ९:४५)

फार बरं वाटलं वाचून.

कुणाचं नाव इथे सुचवत नाही, माझंही नाही. पण ही पारख सांगतो.

आधी विचारा: ‘तुम्ही सरळ मूळ डिस्कवर सॉफ्टवेअर चालवणार की आधी इमेज घेणार?’ जो पहिलं म्हणेल त्याच्याकडून डिस्क परत घ्या. इमेज म्हणजे डिस्कच्या प्रत्येक सेक्टरची, म्हणजे छोट्या कप्प्याची, दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल. त्यानंतरचं सगळं काम नकलेवर. किरकोळ बिघाड असेल तर हे लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूनेही होतं. ते आधी जिथे सहज वाचता येतं तेवढं भरभर उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. नोंद फाइलमध्ये असल्यामुळे वीज गेली तरी पुढे चालू करता येतं. पण तुमच्या डिस्कला आवाज येतोय, तेव्हा घरी हे करू नका. हेड बदलावं लागलं तर ते धूळमुक्त खोलीतच व्हायला हवं. टेबलावर पंख्याखाली कुणी डिस्क उघडायला लागला तर थांबवा.

पैशाचं: तपासणीचे किती, डेटा नाही मिळाला तर किती, आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी दाखवणार का? तीन-चार फायली तुमच्यासमोर उघडून वाजवायला सांगा. यादीत नाव दिसलं म्हणजे आत आवाज आहे असं नाही. हे सगळं कागदावर घ्या. काम संपल्यावर तुमची इमेज त्यांच्या मशीनवरून पुसणार, हेही लिहून घ्या, कारण त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत.

तुम्हाला कुठल्या फायली आधी हव्यात ते लिहून न्या. वेव्ह आणि जेपीजी आधी, पेजमेकर नंतर, डाउनलोड केलेले सिनेमे वगैरे असतील तर ते नकोच. हेड किती वेळ साथ देईल ते माहीत नसतं.

नायगावकरीण (पुढच्या आठवड्यात, शनिवार, दुपारी ४:१०)

डिस्कचं कळलं. एका बाजूचं हेड कमजोर झालं होतं. त्यांनी बाकीच्या हेडखालचा भाग आधी उचलला आणि कमजोर हेडचा सगळ्यात शेवटी, त्यामुळे बहुतेक डेटा आला. यादीचा काही भाग खराब आहे, म्हणून बऱ्याच फोटोंची नावं आणि फोल्डर गेले. काही मुलाखतींत मध्येच काही सेकंद शांतता किंवा खरखर आहे. दोन मुलाखती पूर्ण गेल्या. त्यातल्या एका मुलाखतीतल्या काकूंना शोधून काढलंय, त्या आता बदलापूरला असतात आणि पुन्हा बोलायला तयार आहेत. दुसरे काका हयात नाहीत.

पेजमेकरच्या फायली मिळाल्या पण उघडल्यावर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरं आणि विचित्र चिन्हांचा दिसतोय. या करप्ट आहेत का?

खिळेजुळारी (शनिवार, संध्याकाळी ६:३०)

या फायलींतला मजकूर शाबूत असावा. अजिबात पुसू नका!

मी गिरगावात आधी छापखान्यात खिळे जुळवले, मग डीटीपी केलं. तुमच्या स्मरणिका बहुधा श्रीलिपी, शिवाजी नाहीतर आयएसएमच्या एखाद्या फॉन्टमध्ये केलेल्या आहेत. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. फाइलमध्ये साठवला गेला तो इंग्रजी अक्षराचा आकडा, आणि फॉन्ट त्यावर ‘क’ काढून दाखवायचा. फॉन्ट गेला की उरते ती चिन्हांची गर्दी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा आकडा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण छपाईच्या कामात आम्ही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर होतो. सगळं पेजमेकर त्यावर चालायचं, आणि पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची. मुंबईतल्या मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, छोटे दिवाळी अंक, यातलं कितीतरी असं बंद पडलेलं आहे. फायली आहेत, उघडणारा नाही.

असं करा. पेजमेकर उघडताना गायब फॉन्टची नावं दाखवतो, ती कागदावर टिपून घ्या. मग ज्यांनी त्या काळी स्मरणिका लावली त्या डीटीपीवाल्याला शोधा. जुन्या संगणकावर फॉन्ट असतील, श्रीलिपीचं कुलूप, म्हणजे डोंगल, खणात पडलेलं असेल. तिथूनच पीडीएफ करून घ्या, फॉन्ट आत बसवून. त्याने पानं जशीच्या तशी डोळ्यांना दिसतील.

पण पीडीएफवर थांबू नका. त्यातला मजकूर शोधला किंवा कॉपी केला तर पुन्हा तीच चिन्हं येतात. तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये न्या. प्रत्येक फॉन्टचा परिवर्तक निराळा, चुकीचा निवडला तर जोडाक्षरांची दाणादाण उडते. बदललेला मजकूर कुणीतरी वाचलाच पाहिजे. रफार, ‘श्र’, ‘ह्य’ आणि पहिली वेलांटी इथे हमखास चुका सापडतात. वेळखाऊ काम आहे, पण मी एक स्मरणिका तपासून देईन. मनापासून सांगतोय.

नायगावकरीण (शनिवार, संध्याकाळी ७:००)

काका, डोळ्यांत पाणी आलं. डीटीपी करणारे दादा परळला होते, त्यांचा नंबर मिळवते. आणि एक स्मरणिका तुमच्याकडे नक्की पाठवते.

रात्रपाळी (रविवार, दुपारी १२:१५)

आता माझा रुमाल उचलतो. थोडं मोठं आहे.

३-२-१ हा नियम तुम्ही ऐकला असेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो लोकांपर्यंत नेला. तो छायाचित्रकाराकडून आला हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याला तुमच्यासारखंच परत न मिळणारं सांभाळायचं होतं.

‘दुसरं ठिकाण’ लोक हलक्यात घेतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तळमजल्यावरचे संगणक आणि त्यांच्या शेजारी ठेवलेल्या बॅकअपच्या सीड्या एकाच पाण्यात गेल्या. मोठ्यांचंही तेच होतं. मार्च २०२१मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं.

दुसरी गोष्ट, कायम जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नाही. जून २०१७मध्ये नॉटपेट्या नावाचा संगणक व्हायरस पसरला, तेव्हा आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. ते चालवणारी कंपनी मर्स्क या जहाज वाहतुकीच्या समूहातली. मर्स्कच्या जगभरच्या डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे जाळ्यातल्या खात्यांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या प्रती एकमेकींशी सतत जुळत राहायच्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. वाचली ती घानातली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज नव्हती आणि ती जाळ्यापासून तुटलेली होती. तिच्या आधाराने त्यांनी पुन्हा उभारणी केली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की कॉपी झाली की डिस्क काढा आणि कपाटात ठेवा.

यातूनच तिसरी गोष्ट येते, ती सिंकची. गूगल ड्राइव्हचं फोल्डर लॅपटॉपशी जुळवून ठेवलं आणि लॅपटॉपवर फाइल पुसली, तर ड्राइव्हवरचीही जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस असते, मग संपलं. लॅपटॉपवर फाइल खराब झाली तर खराब फाइलच वर जाते. सिंक सोयीचं आहे, जरूर वापरा, पण ती तुमची तिसरी प्रत म्हणून मोजू नका. जुन्या आवृत्त्या ठेवणारं काहीतरी हवं. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, मॅकवर टाइम मशीन. थोडं शिकायची तयारी असेल तर रेस्टिक किंवा डुप्लिकाटी.

आणि ज्याच्यासाठी मी हा प्रतिसाद लिहायला बसलो ते: बॅकअप घेतला असं तेव्हाच म्हणा, जेव्हा तो परत आणून पाहिला. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते. वेळेला एकही नीट चालेना. सुमारे सहा तास जुनी एक प्रत दुसऱ्याच कामासाठी काढलेली होती, म्हणून वाचले. त्यांनी हे लपवलं नाही, सगळ्यांसमोर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. आमच्याकडे ठरलेल्या दिवशी बॅकअपमधून खरोखर रिस्टोअर करतो. घरी एवढं नको, पण गणपतीच्या आधी आणि होळीच्या आसपास, असं वर्षातून दोनदा, कुठल्याही पाच फायली दुसऱ्याच संगणकावर उघडून ऐका.

पार्लेकर (रविवार, दुपारी १:००)

उत्तम प्रतिसाद. फ्रीजरचा सल्ला मागे घेतो. एक विचारतो, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर ठेवली तर? पडली तरी फुटत नाही.

रात्रपाळी (रविवार, दुपारी १:३०)

नेआणीला चांगलं. वर्षानुवर्षं खणात ठेवायला नको. फ्लॅश मेमरीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, वीज न मिळता पडून राहिली की तो हळूहळू गळतो, उकाड्यात जास्त लवकर. पडून ठेवायला फिरणारी हार्ड डिस्कच बरी, तीही वर्षातून एकदा तरी चालू करा. सीडी-डीव्हीडी मुंबईच्या दमटपणात बुरशी धरतात. डिस्क डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

विकत घेताना दोन डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या घेऊ नका. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट साधन अधूनमधून लावा. ‘रिअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे खराब होत चाललेल्या जागांचे आकडे वाढायला लागले की डिस्क चालतेय म्हणून थांबू नका, बदला. मात्र डिस्क काहीच तक्रार न करता अचानकही मरते.

नायगावकरीण (रविवार, दुपारी ३:२०)

दुसरं ठिकाण म्हणून चिपळूणला मामाकडे एक डिस्क ठेवू का?

खिळेजुळारी (रविवार, दुपारी ३:४५)

बाई, २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं ते आठवा. मामांचं घर उंचावर असेल तर हरकत नाही.

नायगावकरीण (रविवार, दुपारी ३:५०)

बाजारपेठेतच आहे. मग साताऱ्याला मावशीकडे, तिचं घर दुसऱ्या मजल्यावर.

क्लाउडबद्दल मात्र आमच्यात एकमत नाही. काही बायकांनी सावकाराची, नवऱ्याच्या दारूची, संपात घरातल्या कुणी कुणाविरुद्ध काय केलं याची नावं घेऊन सांगितलंय. ‘हे बाहेर जाऊ नये’ असं म्हणून सांगितलंय.

ध्वनिवेडा (रविवार, संध्याकाळी ५:१०)

मग त्या मुलाखती कुलूप न लावता क्लाउडवर टाकूच नका. दोन गट करा. ज्यांनी संमती दिली त्यांच्या मुलाखती इंटरनेट अर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहाच्या संकेतस्थळावर ठेवता येतील, अभ्यासकांना उपयोग होईल. तेही एकमेव घर समजू नका, ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते काही दिवस बंद होतं. ज्या खासगी आहेत त्या आधी क्रिप्टोमेटरसारख्या साधनाने कुलूपबंद करून मगच वर चढवा. मग कंपनीलाही आत काय ते दिसत नाही.

संमती आवाजातच घ्या, रेकॉर्डिंगच्या शेवटी: कुणाला ऐकवायचं, नाव लावायचं का, वारसांचं काय. कागद हरवतो, आवाज फाइलसोबत राहतो.

सोल्डरगन (रविवार, संध्याकाळी ६:००)

कुलपाबद्दल एक कळकळीची विनंती. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपमध्ये डिस्क ठणठणीत असते, पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, लागलेला असतो आणि मालकाला ते माहीतच नसतं. नव्या विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर तो आपोआप लागतो. ४८ आकड्यांची रिकव्हरी की नसेल तर मीच काय, कुणीही काही करू शकत नाही. आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवा. क्रिप्टोमेटरच्या पासवर्डचंही तेच. एक कागद तुमच्याकडे, एक मावशीकडे, बंद पाकिटात.

माहीमची_आत्या (रविवार, रात्री ८:१५)

आमचे हे गेले, त्यांच्या गूगल खात्यात आमचे सगळे जुने फोटो आहेत. पासवर्ड माहीत आहे, पण मी कधी उघडत नाही. काही धोका आहे का?

रात्रपाळी (रविवार, रात्री ८:४०)

आहे, आत्या. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३पासून त्यांनी हे सुरू केलं. या आठवड्यात त्या खात्यात एकदा लॉगिन करा. मग ‘टेकआउट’ नावाची सोय आहे, तिथून सगळे फोटो झिप फायलींमध्ये उतरवून घ्या. नातीचा बाबा येईल तेव्हा त्याला बसवा, तासाभरात लावून होईल, उतरायला रात्र लागेल. स्वतःच्या खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये मुलाचं नाव घालून ठेवा.

नायगावकरीण (दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:००)

काय काय झालं ते सांगते.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घेतल्या. एक माझ्याकडे, दुसरी साताऱ्याला जाणार. खासगी मुलाखती कुलूपबंद करून क्लाउडवर चढताहेत. फायलींची नावं आता तारीख, चाळ क्रमांक, खोली क्रमांक अशी. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल, युनिकोडमध्ये, त्यात कोण बोललंय, कशाबद्दल, संमती काय. तिचा छापील कागदही डिस्कच्या डब्यात.

प्रत्येक फाइलचा शा-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून यादी ठेवली (रात्रपाळी, तुम्ही निरोपात सांगितलं होतं तसं). साताऱ्याची डिस्क पाठवण्याआधी शेजारच्या मुलाच्या संगणकावर जुळवून पाहिली, तर एका मुलाखतीचा आकडा जुळेना. ऐकताना काहीच कळलं नव्हतं, शेवटची चार मिनिटं कॉपीच झाली नव्हती. माझ्या डिस्कवरून पुन्हा घेतली, आता जुळतेय.

परळच्या दादांकडे डोंगल मिळालं. स्मरणिकांच्या पीडीएफ झाल्या. खिळेजुळारी काकांना पहिल्या स्मरणिकेचा युनिकोड मजकूर काल पाठवलाय.

खिळेजुळारी (रविवार, सकाळी ११:४०)

मिळाला. परिवर्तकाने रफार सगळीकडे एक अक्षर पुढे टाकलाय, ‘वर्गणी’चं ‘वगर्णी’ झालंय. सरसकट बदलता येणार नाही, एकेक बघावं लागेल. बुधवारपर्यंत देतो. वर्गणीदारांच्या यादीत खोली क्रमांक आहेत, ते तुमच्या मुलाखतींशी ताडून पाहा. ज्या फोटोंची नावं गेली त्यातली काही घरं त्यावरून ओळखता येतील.